सातेरीच्या पेट्या रिकाम्या का होतात, आणि मधपाळांच्या गटात जाऊन नेमकं काय शिकायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चिपळूण तालुक्यातल्या. प्रशिक्षण घेऊन गेल्या दिवाळीनंतर सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या आणल्यात. फाल्गुनात एका पेटीतल्या निम्म्याअधिक माश्या बाहेर पडून फणसाच्या फांदीला लटकल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रानात निघून गेल्या. पेटीत मागे राहिलेल्या माश्या मात्र टिकल्या. दुसरी पेटी श्रावणात उघडली तर आत एकही माशी नाही, नुसती कोरडी पोळी आणि त्यांवर जाळी धरलेली. आता तुम्ही विचारताय की माश्या पळू नयेत म्हणून राणीचे पंख कापावेत का, दाराला राणीची जाळी (जिच्यातून कामकरी माश्या जातात पण राणी जात नाही) कायम लावून ठेवावी का, आणि तालुक्यातल्या मधपाळांच्या गटात जाऊन काही हाती लागेल का, की व्हिडिओ बघून भागेल.

माझं पहिलं म्हणणं असं, की तुमच्याकडे एकच गोष्ट दोनदा घडलेली नाही. दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि त्यांची कारणं एकमेकांच्या उलट आहेत. फाल्गुनातली पेटी फुटली ती भरभराटीमुळे. माश्या वाढल्या, जागा पुरेना, बाहेर फुलोरा सुरू झाला, तेव्हा जुनी राणी निम्मं कुटुंब घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटायला निघाली. श्रावणातल्या पेटीनं घर सोडलं ते हलाखीमुळे. तिथे कुणी मागे थांबलं नाही, कारण मागे ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिलीला त्या वेळी जागा आणि विभाजन हवं होतं, दुसरीला खाऊ आणि राखण. दोन्हींना ‘पळाल्या’ म्हणून एकच औषध शोधलंत तर ते दोन्हीकडे चुकेल. पंख कापणं आणि जाळी ही तशीच औषधं आहेत.

मी घाटमाथ्यावर, जावळी-महाबळेश्वरच्या बाजूला पेट्या ठेवतो. आमच्याकडे जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांच्यावर उन्हाळ्यातला मध येतो आणि पावसाळा सरताना कारवी-व्हायटी फुललेली असेल तर तो वेगळाच हंगाम असतो. तुमच्याकडे आंबा, काजू आणि नारळ आहे, ऊन जास्त आहे, हवा दमट आहे. तेव्हा मी पुढे जे महिने सांगेन ते तुमच्या वाडीत दोन-तीन आठवडे मागेपुढे होतील, क्वचित त्याहूनही जास्त. माश्यांचा स्वभाव मात्र तोच आहे, म्हणून मी तारखांपेक्षा खुणा सांगतो.

आधी पेटी फुटण्याबद्दल, कारण येत्या हंगामात तुमच्यापुढे पुन्हा हेच येणार आहे.

फुटायची तयारी पेटीत दोन-तीन आठवडे चालू असते. सगळ्यात आधी नरांची घरं वाढतात. ती कामकरी माश्यांच्या घरांपेक्षा मोठी, टोपी उंचावलेली आणि बहुधा पोळ्याच्या खालच्या-बाजूच्या भागात असतात. सातेरीची एक खूण फार नेमकी आहे. नराच्या बंद घराच्या टोपीवर अगदी मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं. एकदा चौकट उन्हाकडे तिरपी धरून ती भोकं पाहिलीत की पुन्हा कधी चुकणार नाही. नर दिसले म्हणजे पेटी लगेच फुटणार असं नाही, पण तिथून पुढे आठवड्याची तपासणी चुकवायची नाही.

मग राणीघरं, म्हणजे नवी राणी जिथे वाढते ती घरं. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी घरं दिसली, तीही एकाहून जास्त, की फुटायचा बेत ठरला समजा. हेच घर पोळ्याच्या मध्यावर एखाद-दुसरं असेल तर अर्थ वेगळा निघतो. त्या माश्या म्हाताऱ्या किंवा मेलेल्या राणीच्या जागी नवी करत असतात, आणि ते काम त्यांना करू द्यायचं. चौकट वर उचलली की नवशिक्याची नजर मधाकडे जाते. तुम्ही पोळ्याची खालची कड बोटानं माश्या हलकेच बाजूला सारून पूर्ण बघायची सवय लावा, कारण राणीघर नेमकं माश्यांच्या झुबक्याआड दडलेलं असतं.

आठवड्याचाच आग्रह का, ते सांगतो. राणीघरातलं अंडं तीन दिवसांनी उबतं, पुढे पाचेक दिवस अळी वाढते आणि साधारण आठव्या दिवशी घर बंद होतं. राणी बाहेर पडते पंधराव्या-सोळाव्या दिवशी. पण जुनी राणी नव्या राणीच्या जन्मापर्यंत थांबत नाही. पहिलं राणीघर बंद झालं आणि हवा मोकळी असली की ती थवा घेऊन निघते. म्हणजे तुम्ही पंधरवड्यानं पेटी उघडत असाल तर अंडं घातल्यापासून थवा उडेपर्यंतचं सगळं नाट्य तुमच्या दोन भेटींच्या मध्ये उरकून जातं. हंगाम नसताना मात्र आठवड्याला पेटी उघडणं हा माश्यांना छळ आहे. तेव्हा बाहेरून बघावं, वजन अजमावावं आणि सोडून द्यावं.

राणीघरं दिसली की बरेच जण ती मोडत सुटतात. चार दिवसांनी पुन्हा बांधलेली असतात, कारण गर्दी तशीच आहे आणि जुनी राणीही तिथेच आहे. एखादं घर नजरेतून सुटतं आणि पेटी फुटतेच. त्यापेक्षा माश्यांना जे करायचं आहे तेच आपण आपल्या हातानं करून द्यावं. जुनी राणी असलेली चौकट, पिलाव्याची (अंडी-अळ्या असलेली) आणखी एक-दोन पोळी आणि मधाचं एक पोळं, सगळं माश्यांसकट नव्या पेटीत घ्यायचं. त्या चौकटींवर राणीघर राहता कामा नये. जुन्या पेटीत उत्तम दिसणारं एक राणीघर ठेवायचं, फार तर दोन, बाकीची काढून टाकायची. जास्त ठेवलीत तर पहिल्या नव्या राणीच्या मागोमाग दुसरा थवाही निघू शकतो आणि पेटी दोन-तीनदा फुटून मूठभर माश्यांवर येते.

नवी पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न इथे अडतो. बाहेर फिरणाऱ्या माश्या जागा लक्षात ठेवतात, पेटी नाही. वाडीतल्या वाडीत वीस पावलांवर पेटी हलवली तर त्या सगळ्या संध्याकाळी जुन्या जागी परततात आणि नव्या पेटीत नुसत्या पोरसवदा माश्या उरतात. सातेरी चारा शोधायला साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत जाते, म्हणून त्याहून लांब, दोन-तीन किलोमीटरवर दुसऱ्याच्या वाडीत नवी पेटी नेली तर उत्तम. ते जमत नसेल तर जुनी पेटी एका हातभर डावीकडे आणि नवी तेवढीच उजवीकडे ठेवायची. परतणाऱ्या माश्या दोन्हींत वाटल्या जातात. एकीकडे फारच ओढा दिसला तर ती पेटी अजून थोडी लांब सरकवायची. त्यानंतर जुन्या पेटीला तीन आठवडे शक्यतो हात लावू नका. नवी राणी जन्मणार, हवेत उडून नरांशी तिचं मीलन होणार, परत येऊन अंडी घालू लागणार, आणि या काळात पेटी उघडून गोंधळ केला तर राणी गमावण्याचा धोका असतो.

आता तुमचा जाळीचा मुद्दा. दाराची राणीजाळी वाईट नाही, पण ती कधी लावायची याला फार महत्त्व आहे. पकडून आणलेला थवा नव्या पेटीत बसेपर्यंत दोन-तीन दिवस ती उपयोगी पडते, तेही थव्यात अंडी घालणारी जुनी राणी असेल तरच. दुसरा-तिसरा थवा असेल तर त्यातली राणी कुमारी असते, तिला मीलनासाठी बाहेर जावंच लागतं. तिला जाळीआड कोंडलं तर ती कधीच नीट अंडी घालणार नाही आणि महिन्याभरात पेटी बसेल. कायमची जाळी लावली तर नरही आत अडकून दारात मरून साचतात. आणि पंख कापलेली राणी? ती थव्याबरोबर निघते, दारापुढच्या गवतात पडते आणि तिला मुंग्या खातात. माश्या परत येतात, आठवड्यानं कुमारी राणी घेऊन पुन्हा जातात. म्हणजे राणीही गेली आणि थवाही गेला. मी हे कुणालाच सुचवत नाही.

थवा लटकलेला दिसला तर घाई करा, पण गडबड नको. लटकलेल्या माश्यांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखायला पोळं नसतं, म्हणून त्या बहुधा शांत असतात. त्या वेळी टेहळ्या माश्या ढोल्या, कपारी शोधत असतात आणि परत येऊन थव्यावर नाचून जागा सांगतात. मार्टिन लिंडावर या जर्मन संशोधकानं 1950 च्या दशकात हे नाच टिपून दाखवलं, की आधी वेगवेगळ्या जागांचे नाच चालतात आणि सगळ्यांचं एका जागेवर एकमत झालं की थवा उठतो. त्यांनी पाहिले ते युरोपातले थवे, पण आपल्या सातेरीतही हाच क्रम दिसतो. तुमच्या फणसावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच चाललं होतं. तेवढा वेळ आपला असतो, कधी दोन तास, कधी दीड दिवस.

बारीक पाण्याचा फवारा मारला की माश्या आवळून बसतात. खाली सुपली, टोपली किंवा कापडी पिशवी धरायची आणि फांदीला एकच जोरदार झटका द्यायचा. हळूहळू हलवलं तर माश्या उठतात. राणी आत पडली की बाकीच्या आपसूक तिकडे वळतात. टोपली फांदीजवळच सावलीत उपडी, एका कडेनं उचललेली ठेवा आणि संध्याकाळी पेटीत घाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पेटीत दुसऱ्या निरोगी पेटीतलं उघड्या अळ्यांचं एक पोळं आधीच लावून ठेवा. भुकेल्या अळ्या सोडून सातेरी सहसा जात नाही. रिकाम्या चौकटींच्या पेटीत टाकलेला थवा दुसऱ्या दिवशी निघून गेला अशा तक्रारी मी सारख्या ऐकतो. त्यातल्या बहुतेकांनी हे पोळं लावलेलं नसतं. ते आणायचं कुठून? तुमच्या दोनच पेट्या आणि एकच फुटलेली. इथे गट लागतो. त्याकडे येतोच.

आधी श्रावणातल्या पेटीबद्दल. रिकामी पेटी फेकायची नसते, वाचायची असते. तुम्ही लिहिलंत की पोळी कोरडी होती, मधाचा टिपूस नाही, अळ्या नाहीत, मेलेल्या माश्या नाहीत. यावरून मला उपासमार दिसते. अशा वेळी राणी अंडी घालणं थांबवते, असलेला पिलावा उबून निघेपर्यंत माश्या कशाबशा थांबतात, शेवटचा मध पोटात घेतात आणि सगळ्या जातात. पोळ्यांवर दिसलेली जाळी मेणकिड्याची, म्हणजे मेण खाणाऱ्या अळीची. ती पेटी दुबळी झाल्यावर आली की रिकामी झाल्यावर, हे आता सांगता येत नाही, पण माश्यांनी झाकलेल्या पोळ्यात मेणकिड्याला सहसा शिरकाव नसतो. समजा बंद पिलावा आणि मध तसाच टाकून माश्या गेल्या असत्या, तर मी मुंग्या, गांधीलमाश्या, टळटळीत ऊन किंवा वारंवार पेटी उघडणं यांचा संशय घेतला असता. दारापुढे जिभा बाहेर आलेल्या मेलेल्या माश्यांचा सडा असता तर फवारणी. अळ्या घरातच मेलेल्या, डोकं वर करून होडीसारख्या वळलेल्या आणि चिमट्यानं उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारख्या निघाल्या असत्या तर तो थाय सॅकब्रूड हा विषाणूरोग. याच रोगानं 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नेल्या. त्याला औषध नाही. पेटी वेगळी करणं, राणीची अंडी काही काळ थांबवणं आणि त्या पेटीतलं काहीही दुसऱ्या पेटीत न नेणं एवढंच हाती असतं.

पावसाळ्याची तयारी मृगाआधी होते. उन्हाळ्यातला मध काढताना वरच्या मधकोठीतला घ्या, खालच्या कोठीतल्या पोळ्यांवरच्या मधाच्या कमानींना हात लावू नका. माझ्याकडे आठ चौकटींच्या पेट्या आहेत. पावसाळ्यात त्यांतली जेवढी पोळी माश्या दोन्ही बाजूंनी झाकतात तेवढीच आत ठेवतो, बाकीची काढून घेतो. मोठं घर आणि थोडी माणसं असलं की कोपऱ्यात मेणकिडा शिरतो. तळपाटावर पडलेला मेणाचा भुगा आठवड्याला खरवडून टाका, कारण किड्याच्या अळ्या त्यातच वाढतात. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आणि वर तिरपा पत्रा. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक पेटीच्या आत, संध्याकाळीच द्यायचा. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीच्या माश्या लूट करायला येतात आणि दुबळी पेटी तिथेच संपते. आमच्याकडे सततच्या पावसात पेटीला आठवड्याला पाव किलोच्या आसपास साखर लागते. तुमच्याकडे नारळाचा पराग मिळतो, मधूनच उघडीप असते, त्यामुळे कदाचित कमी लागेल. पेटी मागच्या बाजूनं बोटभर उचलून वजन अजमावायला शिका, ते पेटी न उघडता कळतं. हा पाक फक्त जगवण्यासाठी. मधकोठी वर असताना पाक दिला तर तोच मधात उतरतो, आणि तो मध म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

आता गट. तुमच्या प्रश्नातला हा भाग तुम्ही शेवटी घातलात, मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

प्रशिक्षण चांगलंच आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे पेटी, चौकट, राणी, नर हे नीट दाखवतात. पण काही दिवसांच्या प्रशिक्षणात तुम्हाला वर्षातला एकच तुकडा दिसतो. पेटी फुटताना दिसणं, उपासमारीची पेटी ओळखणं, नवी राणी अंडी घालायला लागली की नाही ते कळणं, हे वेगवेगळ्या महिन्यांत येतं. आणि दोन पेट्यांमध्ये वर्षभरात जेवढं घडतं त्याच्या कितीतरी पट जास्त गटातल्या सगळ्यांच्या पेट्यांत घडतं. एका सकाळी दहा पेट्या उघडल्या गेल्या तर त्यात एक निराणी (राणी नसलेली) निघते, एक फुटायच्या बेतात, एक मेणकिड्याची, एक उत्तम. त्या चार चौकटी एकापाठोपाठ हातात घेऊन पाहिल्यात की फरक डोळ्यांत बसतो. व्हिडिओत कॅमेरा ज्याच्याकडे वळवलेला असतो तेवढंच दिसतं. पेटीचा वास, तिचा आवाज, माशी चिडायच्या आधी पंखांचा सूर कसा चढतो, हे तिथे मिळत नाही. शिवाय बरेच व्हिडिओ मेलिफेरा या युरोपी मधमाशीचे असतात. ती राणी, ती पेटी आणि तिचं वागणं सातेरीहून वेगळं. मेलिफेराला फुलोऱ्यामागे गावोगाव हलवावं लागतं. कोकणातल्या पावसात दोन पेट्यांनी सुरुवात करणाऱ्यानं सातेरीच धरावी असं माझं ठाम मत आहे.

गटाचा दुसरा उपयोग वस्तूंचा. पेटी निराणी झाली तर काही दिवसांत अंडी-अळ्यांचं पोळं द्यावं लागतं. सातेरीत उशीर झाला की कामकरीच अंडी घालू लागतात, एकेका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी दिसतात, आणि मग ती पेटी सावरणं कठीण. असं पोळं शेजारच्या मधपाळाकडून मिळतं. मात्र दोन गोष्टी पाहा. एक, गटातल्या सगळ्यांच्या पेट्या एकाच मापाच्या असाव्यात, नाहीतर त्याची चौकट तुमच्या पेटीत बसणारच नाही. पेट्या घेण्याआधी हे विचारा, स्वस्त मिळाली म्हणून वेगळ्या मापाची घेऊ नका. दोन, पोळं घेण्याआधी देणाऱ्याची पेटी स्वतः उघडून बघा. निरोगी पोळं जसं गटातून फिरतं तसा सॅकब्रूडही फिरतो. कुणी ‘आमच्याकडे रोगबिग काही नाही’ म्हणून पेटी दाखवायला टाळाटाळ करत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

तिसरा उपयोग फवारणीचा. तुमच्याकडे आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यासाठी फवारण्या सुरू होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत माश्या मोहोरावर आणि काजूवर असतात. एकट्या तुम्ही बागायतदाराला सांगायला गेलात तर तो ऐकेल न ऐकेल. गटातले चार जण, त्यातले दोन स्वतः आंबेवाले, गेले तर तो निदान आदल्या दिवशी फोन करतो आणि सकाळऐवजी सूर्यास्ताच्या सुमारास फवारतो. आदल्या दिवशी कळलं तर पेट्या रात्री हलवता येतात.

आणि चौथा, ज्याचा विचार फार कमी लोक करतात. राणीचं मीलन हवेत होतं, एकाहून अधिक नरांशी, आणि ते नर तुमच्याच पेटीतले असतील असं नाही. शेजाऱ्याच्या पेटीतले असतात, रानातल्या ढोलीतले असतात. सारखं फुटण्याची खोड बऱ्याच अंशी वंशात उतरते. तुम्ही कितीही चांगल्या पेटीपासून राणी केलीत आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी वर्षातून तीनदा फुटणाऱ्या पेट्याच वाढवल्या असतील, तर पुढच्या पिढीत ती खोड तुमच्याकडेही येणार. फुटणं कमी करायचं तर एका गावाच्या, एका खोऱ्याच्या पातळीवर ठरवावं लागतं की विभाजन कोणत्या पेट्यांचं करायचं. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून पुढे आलं, कोल्हापूरकडे पाटगाव आहे. लोक त्याकडे पर्यटन म्हणून बघतात. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की गावच्या गाव एकाच माशीबद्दल एकत्र विचार करायला बसतं.

आता तुमच्या तालुक्यातला गट कसा आहे हे मी इथून सांगू शकत नाही. एक-दोन बैठकांना जाऊन बघा. बैठकीत पेट्या उघडल्या जातात की नुसती भाषणं आणि चहा होतो? नवीन माणसाच्या हातात चौकट देतात का? कुणाच्या किती पेट्या मेल्या हे मोकळेपणानं बोललं जातं का? जिथे सगळ्यांच्याच पेट्या नेहमी उत्तम असतात तिथे शिकायला काही मिळत नाही. आणि पहिल्याच भेटीत कुणी पेट्या विकायला लागला, त्याही रानातली मोहोळं तोडून भरलेल्या, तर तिथून निघा. दोन जुने मधपाळ एकमेकांच्या उलट सांगतील, त्यानं गोंधळू नका. एकाची वाडी खाडीकाठी असते, दुसऱ्याची घाटाच्या पायथ्याशी, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. कोण बरोबर, हे विचारण्यापेक्षा त्यांच्या आसपास काय फुलतं आणि कधी, ते विचारा. ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाला येईल.

गटात थव्यांबद्दल आधीच ठरवून घ्यायला सांगा. थवा दिसला की कुणाला फोन, कोण टोपली घेऊन येणार, अळ्यांचं पोळं कोण देणार, आणि पकडलेली पेटी कुणाची. हे न ठरवल्यामुळे चांगल्या माणसांत वितुष्ट आलेलं मी पाहिलं आहे. एकदा गटाचं नाव झालं की गावातून फोनही यायला लागतात, ‘आमच्या टाकीवर मोहोळ आलंय, घेऊन जा.’ आधी फोटो मागवा. उंच जागी उघड्यावर एकच भलं मोठं पोळं असेल तर ते आग्या. त्याला हात लावायचा नाही, धूर करायला जायचं नाही. आग्या पेटीत राहत नाही आणि चिडली तर झुंडीनं मागे लागते. झुडपात तळहाताएवढं एकच पोळं असेल तर फुलोरी, तीही पेटीत टिकत नाही. सातेरी ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात अनेक पोळी बांधते. पोळं नसलेला नुसता माश्यांचा घोस असेल तरच तो थवा, आणि तोही आग्याचा असू शकतो, म्हणून माशीचा आकार विचारा.

डंखाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगतो. काटा नखानं खरवडून लगेच काढा. सूज, खाज ठीक. पण अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. आणि सुरुवातीचं वर्षभर तरी पेटी एकटीनं उघडू नका.

आता तुमची उरलेली पेटी. तिच्यात फाल्गुनात जन्मलेली नवी राणी आहे आणि ती पावसाळ्यातून तगली, म्हणजे पेटी चांगली आहे. तेरडा आणि इतर रानफुलं चालू आहेत तोवर ती वाढेल. नवरात्राच्या सुमारास, गटातल्या कुणाला तरी सोबत घेऊन, एका कोरड्या सकाळी ती उघडा. सलग, दाट अंडी आणि अळ्या आहेत का, मधाच्या कमानी आहेत का, एवढंच बघून बंद करा. माश्या खालच्या कोठीत सगळ्या चौकटी झाकायला लागल्या की मधकोठी चढवा, काजू फुलायची वाट बघत बसू नका. पौषापासून दर आठवड्याला पोळ्यांच्या खालच्या कडा.

तिसरी पेटी आत्ता विकत घेऊ नका. रिकामी झालेली पेटी आहे ना, तिची जाळी धरलेली पोळी काढून वितळवा, पेटी उन्हात दोन दिवस तापवा, फटी जाळून घ्या आणि आतून थोडं मेण चोळा. माघ लागला की एक चांगलं जुनं पोळं आत लावून ती वाडीच्या कडेला, सावलीत, पुरुषभर उंचीवर घट्ट बांधा. दार लहान ठेवा. तुमच्या रानात सातेरीची मोहोळं असणारच, त्यांतला एखादा थवा तिथे उतरू शकतो. आठवड्यातून एकदा झाकण उघडून पोळ्यावर मेणकिडा आणि आत मुंग्या नाहीत ना, ते बघत जा.